खून, पाठलाग आणि यान

भिकू डायरेक्टर कुणाचाही खून करायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतो.

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काहीच सुरू होत नाही. पेरणी असो, बारसं असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो. एकाने उभं राहून देवाकडे मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणत री ओढायची. सिनेमातल्या खुनाला त्याची गरज आहे का, असं वाडीत कुणी विचारलं नाही. उलट गाऱ्हाणं न घालता खून केला असता तर निम्मे लोक शूटिंग सोडून घरी गेले असते.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या खळ्यात जो खून होवचो आसा, तो पयल्याच टेकमध्ये होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मारणाऱ्याचो हात थरथरा नको, मरणाऱ्याक हसू येवा नको, आणि मधीच कोणाची म्हस येवा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या पहिल्या खुनात मुडदा मी होते. काखेत कोयता धरून, पोटावर कोकमाचं आगळ ओतून खळ्यात आडवी पडले होते. भिकूने कॅमेरा आधीच सुरू केला होता. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि मुडद्यानेही म्हटलं. चांगलं खणखणीत.

"वयनी!" भिकू ओरडला. "तू मेलंस!"

"मेलंय म्हणान काय देवाक जबाब देव नको?" मी पडल्या पडल्या म्हटलं.

ते सगळं सिनेमात आहे. कापलेलं नाही. भिकू काहीच कापत नाही.

तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावी! खारेपाटणहून लग्न होऊन नुकतीच या खाडीकाठी आलेली, दोन वेण्या पुढे घेऊन चालणारी, आणि मालवण ते विजयदुर्ग या पट्ट्यात आपल्याइतकी देखणी दुसरी नाही अशी पक्की खात्री असलेली. ही अफवा आमच्या घरच्या आरशाने पसरवली होती. सिनेमात काम म्हटल्यावर मी हिरॉइनच होणार असं धरून चालले. भिकूने मला सोनं चोरून आणणाऱ्या टोळीची म्होरकी केली. मी आठवडाभर रवी पिस्तुलासारखी धरून न्हाणीघरात सराव केला. सासूबाईंना वाटलं, सून ताकाला घाबरते. खुनाच्या दिवशी तर मी मुडद्याला लिपस्टिक लावली आणि पावडर अशी थापली की मारायच्या आधीच चार दिवसांची मेलेली दिसत होते.

भिकू आमचा शेजारी; मालवणच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. अंगाने काटकुळा, आणि ऐन मे महिन्यात डोक्यावर माकडटोपी. "डायरेक्टराक टोपी लागता," एवढंच त्याचं उत्तर. पुढे त्याने व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि लग्नांचं शूटिंग सुरू केलं. पण जीव रमायचा तो मारामारीत आणि रहस्यात. त्याने घेतलेल्या लग्नात आधी भटजींच्या हातातली सुरी दिसायची, मग नारळ, मग नवऱ्यामुलाच्या कपाळावरचा घाम, मग पुन्हा सुरी. एका मुलीचा बाप ती कॅसेट बघताना उठून उभा राहिला आणि जावयाला म्हणाला, "बाजूक सर!" जावई शेजारीच बसून लाडू खात होता.

लग्नं पोटासाठी. खरं काम म्हणजे सिनेमा. वाडीतलीच माणसं घेऊन त्याने तो सुरू केला आणि मी सून होते तेव्हा सुरू झालेला तो सिनेमा मी आजी झाले तरी चालूच आहे. त्याला नाव नाही. नाव विचारलं की भिकू म्हणतो, "आधी बाळंतपण होवंदे, मगे बारसा." त्याला एकच गोष्ट हवी होती: हा सिनेमा एकदाचा पुरा करायचा. आणि त्याला एकच भीती होती, ती तो वरचेवर बोलून दाखवायचा. "वयनी, फिलीम सरान चलात, कॅमेरो बिघडान चलात. मानूस होयो. वाडीत मानूस सरलो की सिनेमा सरलो."

पहिल्यांदा ती गुन्ह्याची गोष्ट होती. खाडीत सोन्याची बिस्किटं उतरतात, वाडीतला बाळग्या ती होडीतून आणतो, मी त्याच्यावर हुकूम सोडते आणि आमचे हे, म्हणजे माझे यजमान, इन्स्पेक्टर होऊन आम्हाला पकडतात. भिकूची बायको सुलू इन्स्पेक्टरची आई. ती ह्यांच्याहून लहान होती, पण केसांना पीठ लावून बसायची आणि दर वाक्याला खोकायची. साधी सरळ गोष्ट. चतुर्थीपर्यंत संपली असती.

पण बाळग्याला मुंबईत नोकरी लागली. अर्धा सिनेमा झालेला आणि मुख्य चोर पेटी घेऊन एसटी स्टँडवर उभा. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. भिकूने टोपी सारखी केली आणि म्हणाला, "ष्टोरी वळता."

हे त्याचं ब्रीदवाक्य. ष्टोरी वळता. मग ह्यांना खाकी कपड्यांत मोटारसायकलवर बसवलं, मागे भिकू कॅमेरा घेऊन उलटा बसला, आणि एसटीचा पाठलाग झाला. बाळग्या खिडकीतून अर्धा बाहेर येऊन लाकडी पिस्तुलाने गोळ्या झाडत होता. त्याची आई स्टँडवर पदर तोंडाला लावून रडत होती आणि मधेच ओरडत होती, "आत घे रे डोक्या, बाबू! झाडाक आपटात!" कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली आणि खाली उतरून ह्यांना कायदा ऐकवायला लागला, तर समोर इन्स्पेक्टर. बिचाऱ्याने सलाम ठोकला. ते सगळंही सिनेमात आहे.

तेव्हापासून नियमच पडला. कुणी मुंबईला गेलं की पाठलाग. कुणी भिकूशी भांडून काम सोडलं की त्याचा खून. आणि खुनाचं कसं असायचं, की चतुर्थी आली, आरतीला शेजारी शेजारी उभं राहावं लागलं, की भांडण मिटायचं. मग मुडदा उठून बसायचा. माझा खून असाच झाला; माझ्या कोंबड्या भिकूच्या वालीच्या वाफ्यात शिरल्या म्हणून. नंतर मी वाटीभर वालीची उसळ त्याच्याच घरी पोचवली, आणि पुढच्या दृश्यात मी हातपाय झटकत खळ्यातून उठले. ह्यांनी इन्स्पेक्टर म्हणून विचारलं, "तू तर मेली होतीस!" मी म्हटलं, "बरा वाटला, हुशारी इली."

एकदा मी विचारलंही. "भावजी, खून झालेली परत येतत, मगे पाठलागातली कित्याक परत येनत नाय?"

भिकूने भिंग पुसत म्हटलं, "रुसलेलो मानूस परत येता गे. पोटाक गेलेलो येना नाय." आणि भिंग परत लावत, "पाठलागात मानूस हाताक गावाक लागता. हयसर आजून खंय कोण गावलो?"

दरवर्षी चतुर्थीत देवळाच्या सभामंडपात धोतर बांधून त्यावर झालेला सिनेमा दाखवायचा. मुंबईकर चाकरमानी यायचे आणि आपापला पाठलाग बघून शिट्ट्या मारायचे. पुढे पुढे शिट्ट्या कमी झाल्या. पाठलाग वाढले. एक वर्ष असं आलं की पडद्यावर सगळी वाडी एसटीतून गोळ्या झाडत निघाली आहे आणि समोर बघायला आम्ही सात-आठ म्हातारी माणसं.

विज्ञान आमच्या सिनेमात आलं ते ह्यांच्यामुळे. ह्यांना दमा होता. एका थंडीत तो बळावला आणि हे गेले. तेराव्याच्या नंतर भिकू अंगणात येऊन उभा राहिला, टोपी कानांपर्यंत ओढून. मी म्हटलं, "इन्स्पेक्टर गेलो तुमचो. आता काय?"

तो तसाच परतला. दोन दिवस त्याच्या खोपीतून ठोकाठोकीचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी सुलू येऊन म्हणाली, "वयनी, तेंचे खाकी कपडे होये होते."

मी गेले तर माडाच्या वरती एक यान लटकलेलं. टीव्हीची जुनी छत्री, तिला पत्र्याचे डबे आणि सायकलचे दिवे. भिकूने ह्यांची खाकी पँट, शर्ट आणि टोपी मासे पकडायच्या नायलॉनच्या दोरीने अशी बांधली की माणूस उभा आहे असं वाटावं. विहिरीची कप्पी वर लावलेली. परग्रहावरचे लोक इन्स्पेक्टरला न्यायला आले होते. तिथेही चोऱ्या फार, म्हणून.

"मेलो असा दाखवचंय नाय मी," भिकू म्हणाला. "बदली झाली."

गाऱ्हाणं झालं. दोरी ओढली. आणि माझ्या डोळ्यांदेखत ह्यांचे कपडे जमिनीवरून उठले, हात लोंबत, टोपी तिरकी, वर वर जायला लागले. दोरी भराभर ओढली जात होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ, जरा हळू! तेंका दमो आसा!"

मग मी हसले. मग सगळे हसले. सुलू तर पोट धरून खाली बसली. असं हसणं त्या अंगणात परत झालं नाही.

त्यानंतर यानाला उसंत नव्हती. म्हाताऱ्यांची वाडी ती. कुणाचं धोतर वर गेलं, कुणाची नऊवारी, कुणाची काठी आणि चष्मा. घरचे लोक आपणहून कपडे आणून द्यायचे. "आमच्या बाबांक दिवसाउजेडी पाठव, तेंका काळोखात दिसा नाय," असं सांगायचे. शहरातून आलेल्या एका शिकलेल्या पाहुण्याने भिकूला विचारलं, की हा सिनेमा नक्की कुठल्या प्रकारचा? गुन्हेगारी, मारधाड की वैज्ञानिक? भिकू विचार करून म्हणाला, "मानूस जसो जाता तसो."

आणि मग सुलू गेली. घागर भरून विहिरीवरून आली, पायरीवर बसली आणि बसल्या जागी गेली.

सगळ्यांना ठाऊक होतं आता काय होणार. भिकूने यान उतरवून पत्रा घासून चकचकीत केला. सुलूची जांभळी इरकल आणली, दोरीला बांधली. जी काय सहा माणसं उरली होती ती माडाखाली जमली. गाऱ्हाणं घालायला भिकूने तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. मग पुढे जाऊन त्याने साडी सोडवली. घडी घालायला लागला. पुरुषाची घडी, काठ एकीकडे, पदर दुसरीकडे.

"भावजी?" मी म्हटलं.

"ती खंय गेली नाय. परसवात आसा. येतली."

तेव्हापासून सिनेमात इन्स्पेक्टरची आई परसवात आहे. आणि प्रत्येक दृश्यात कुणीतरी तिची चौकशी करायचीच, असा भिकूचा हुकूम. मी पिस्तूल रोखून आधी विचारणार, "आई खंय आसा?" समोरचा हात वर करून सांगणार, "परसवात." मग मी गोळी झाडणार. मी म्हटलं, "भावजी, इतको वेळ ती परसवात काय करता?" म्हणाला, "केळी लायता." बरं.

गेल्या काही वर्षांत माणसं सरली. घरांना कुलपं लागली, कुलपांना गंज. मी आणि भिकू, दोघंच. आता कॅमेऱ्याच्या जागी फोन आला. मीच म्होरकी, मीच पोलीस, मीच परग्रहावरून आलेली बाई. आमचा शेवटचा पाठलाग खाडीच्या बांधावर झाला. मी गुडघा धरून पुढे, भिकू फोन धरून मागे. आमचा वेग असा, की समोर बसलेला बगळा उडाला नाही, चालत बाजूला झाला.

"वयनी, जरा जोरात धाव!"

"जोरात धावलंय तर यान काढूचा लागात तुमका!"

तो हसला नाही. त्या विषयावर तो आताशा हसत नसे.

याच सुमारास माझ्या मुलाने, विलासने, ठाण्याहून सांगितलं की आई, आता पुरे. पडलीस बिडलीस तर बघायला कोण आहे? न्यायला येतो. मी महिनाभर नाही म्हटलं. मग एका सकाळी न्हाणीत पाय घसरला, आणि हाक मारली तर कुणी येईना, कारण भिकूला ऐकू कमी येतं. तासाभराने मी भिंत धरून स्वतःच उठले आणि विलासला हो म्हणून सांगितलं.

भिकूला सांगायला गेले तेव्हा तो माडाची झावळी विणत बसला होता. मी म्हटलं, "भावजी, माझो पाठलाग खंयसून करूया? गाडी वाडीतून बाहेर पडतली तेव्हा खिडकीतून मी गोळ्यो झाडतंय. तुमी फाटकाकडे उभे रव्हा. धावा नको."

त्याने मान वर केली नाही. "आणि सिनेमा?"

"सरलो काय तो?"

"मानूस सरलो की सरलो." झावळी विणत राहिला. मीही मग उठून आले.

विलास गाडी घेऊन आला. पिशव्या भरल्या, देव तांदळात ठेवले, मागचं दार लावून घेतलं. मी पुढच्या दाराला कुलूप घालणार इतक्यात गडग्यापलीकडून, आमच्या दोघांमधल्या दगडी कुंपणाच्या त्या बाजूने, आरडाओरडा सुरू झाला. भिकू. माकडटोपी, हातात काठी, लालबुंद.

"ह्या फणसाची पाना! दररोज! दररोज माझ्या खळ्यात! झाडून झाडून माझी कंबर गेली! तुका काय लाज-लज्जा आसा काय नाय?"

मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत या माणसाने मला चढ्या आवाजात 'लाज' हा शब्द कधी ऐकवला नव्हता.

"काका, काय झालं?" विलास पुढे झाला.

"तू गप रव! ही तुझी आवस, जलमभर माका तरास दिल्यान! काम करूक येना नाय, वाक्य पाठ नाय, मुडदो झाली तरी तोंड बंद नाय! असली नटी माझ्या नशिबात!"

आता माझ्याही अंगात आलं. शेवटी मी खारेपाटणची. "नटी? माका नटी म्हणतास? आणि तुमी डायरेक्टर? जलमभर एक सिनेमा सरूक नाय तुमच्या हातान! दुसऱ्याच्या लग्नात सुरी दाखवणारे!"

"माझ्या सिनेमाक नावा ठेयतंस?"

"नाव असात तर ठेवन! तुमीच ठेवक नाय!"

"आई, अहो काका," विलास मधे आला आणि मग गोंधळून गडग्याकडे बघत म्हणाला, "पण फणस आहे कुठे?"

फणस नव्हताच. मागच्या वादळात तो मुळासकट पडला, आणि त्याचं लाकूड तोडायला भिकूच आला होता. त्या जागी आता नुसता खड्डा आहे. मी खड्ड्याकडे बघितलं. मग भिकूकडे बघितलं. त्याची काठी हवेत तशीच होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. काहीतरी वाईट बोलायला शब्द शोधत होता आणि त्याला सापडत नव्हता.

मी पिशवी पायरीवर ठेवली.

"आता माका तुमच्यावांगडा काम करूचा नाय," मी शक्य तितक्या रागाने म्हटलं. "सोडलंय मी सिनेमा. जावा!"

"सोडलंस?" त्याने काठी खाली केली. "रागान सोडलंस?"

"रागान."

"मगे," भिकू म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला, "मगे खून करूक व्हयो."

विलास घड्याळ बघत होता. त्याला काही उमजलं नाही. मी त्याला म्हटलं, "जरा थांब रे, बाबा. माझा खून होऊ दे." आणि पदर खोचून, गुडघा सांभाळत, एका हाताने जमीन धरून खळ्यात आडवी झाले. डोळे मिटले. भिकूचे ओठ गाऱ्हाणं पुटपुटत होते एवढं त्याआधी दिसलं. मग गडग्याला वळसा घालून आलेला त्याचा पाय वाजला, काठी माझ्या खांद्याला हलकी टेकली. इतकी हलकी, की कुणी झोपलेल्याला उठवताना लावतं तशी. खून झाला.

जमीन गार होती. वर कुठेतरी धनेश ओरडत होता. मी कट म्हणायची वाट बघत राहिले. नेहमीपेक्षा बराच वेळ गेला. गाडीजवळून विलास म्हणाला, "आई, निघायचं ना? घाटात गर्दी होईल."

"मुडद्याक हाक मारू नये," भिकू त्याला म्हणाला, अगदी समजावून.

मला राहवेना. मी एक डोळा किंचित उघडला. फोन नव्हता. म्हणजे होता, त्याच्या शर्टाच्या खिशात, तोंड आतल्या बाजूला. भिकू माझ्या डोक्याशी मातीत मांडी घालून बसला होता, माकडटोपी काढून, आणि तिने माझ्या तोंडावरच्या माश्या हाकत होता. इतक्या वर्षांत त्याचं डोकं मी पहिल्यांदा उघडं बघितलं. पांढरं, विरळ, एखाद्या तान्ह्या पोराच्या डोक्यासारखं.

माझा डोळा त्याने बघितला.

"उठा नको गे वयनी," तो म्हणाला. "जरा पडान रव."

विलासने गाडीचं दार उघडलं आणि परत लावलं. मी डोळा मिटून घेतला आणि पडून राहिले.